दहा ओले, दहा कोरडे

आधीच सांगते, आणि मोठ्याने सांगते, म्हणजे मागे बसलेल्यांनाही ऐकू जाईल: यातलं एक अक्षर खोटं नाही. माझ्या दोन्ही गुडघ्यांची शपथ. आणि येलोव्हा बान्यात गुडघ्यांची शपथ कुणी उगाच घेत नाही.

तर त्या सोमवारी सकाळी विदोसावाने डॉक्टरीणबाईंच्या टोपीत हात घातला, चिठ्ठी काढली, उलगडली, आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘जमीन’.

“ही माझी नाही,” विदोसावा म्हणाली. “दुसरी काढते.”

“मावशी, एकदाच काढायची असते,” डॉक्टर नेव्हेना म्हणाली.

“अगं, माझा हात ओला होता. ती आपोआप चिकटली.”

“मग तर जमीनच बरी तुम्हाला. वाळाल.”

मागे रांगेत उभी असलेली ल्युबिंका फिस्सकन हसली. तिला ‘पाणी’ आलं होतं. दोघींनी चाळीस वर्षं एकाच गरम पाण्यात एकाच दगडी कट्ट्यावर शेजारी शेजारी बसून काढली होती, आणि आता एकीला पाणी नि एकीला जमीन. “मी तुझी जागा राखून ठेवते हं, विदा,” ल्युबिंका म्हणाली.

“जागा नको राखूस. गुडघा हलव,” विदोसावा म्हणाली. कारण काय चाललंय ते तिला पुरतं कळलं होतं.

चाललं होतं ते असं. येलोव्हा बान्यात जमिनीतून गरम पाणी येतं, त्यावर एक जुना तलाव बांधलेला आहे, आणि त्यात आजूबाजूच्या सात गावांचे झिजलेले गुडघे बुडवून ठेवलेले असतात. तलावाचं छत गळायला लागलं. पेन्शनरांच्या फंडाने बेलग्रेडहून कळवलं की एक तर तलाव दुरुस्त करू, नाही तर काँक्रीट ओतून बुजवू आणि वर व्यायामाचा हॉल बांधू. दोन्ही होणार नाही. डॉक्टर नेव्हेना नवी होती, शिकलेली होती, तिने फंडाला सुचवलं की आपण मोजून बघू. वीस म्हातारे घेऊ. दहा जणांनी पाण्यात व्यायाम करायचा, दहा जणांनी जमिनीवर, आठ आठवडे. जमिनीवाल्यांनी तोवर तलावात पाय घालायचा नाही. शेवटी समिती येईल, ज्यांचे गुडघे जास्त सुधारले त्यांचं राहील, दुसऱ्यांचं जाईल.

विदोसावा बहात्तर वर्षांची. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहून चारशे पोरांसाठी राजम्याची आमटी ढवळली, त्यात गुडघे गेले. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात बोलायला एक घड्याळ होतं, तेही मागे पडणारं. दिवसभरात तिला जे काही बोलायचं असे ते ती तलावात बोलत असे. तलाव बुजला तर ते सगळं बोलणं घेऊन जायचं कुठे?

पहिल्याच दिवशी जमिनीच्या हॉलमध्ये डॉक्टरीणबाई रबरी पट्टे आणायला आत गेली, तशी विदोसावाने दार लोटलं आणि उरलेल्या नऊ जणांना जवळ बोलावलं.

“ऐका. आपल्यातला एकही जण बरा होणार नाही. कळलं?”

“मी तर मुळीच नाही,” बोगोल्युब म्हणाला. हा निवृत्त खाटीक, कपाटाएवढा. “वीस वर्षांत बरा झालो नाही, आता आठ आठवड्यांत कशाला होऊ?”

“शेवटच्या दिवशी सगळ्यांनी लंगडायचं. आणि डॉक्टरीणबाईने विचारलं तर म्हणायचं, आधीपेक्षा जास्त दुखतंय.”

“ते तर मी बायकोला रोज सांगतो,” बोगोल्युब म्हणाला. असं ठरलं.

आता ठरवणं सोपं. पण नेव्हेना डोक्यावर उभी राहायची. खुर्चीवरून हात न टेकता उठा. बसा. पुन्हा उठा. घोट्याला पट्टा बांधा, पाय मागे ओढा. पायरीवर चढा, उतरा. विदोसावा रोज घरी जाऊन घड्याळाला सांगे की हे सगळं थोतांड आहे. आणि हॉलमध्ये कोंडमारा! खिडकी उघडायचं नावच नाही. नेव्हेनाने एकदा विचारलं, “थोडी हवा खेळू दे की?” तर दहाच्या दहा जणांनी असं बघितलं तिच्याकडे, जणू तिने विष वाटायला काढलंय.

कारण खिडकी उघडली आणि समोरचं दार कुणी उघडलं, तर मधून प्रोमाया जातो. आरपार वारा. येलोव्हा बान्यात म्हातारपणाने कुणी मरत नाही, प्रोमायाने मरतं. मान अडकते, कान बसतो, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडाला गारठा लागतो. ओल्या केसांनी प्रोमायात बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी उठलाच तर नशीब समजायचं. नेव्हेना म्हणाली, “याला शास्त्रात काही आधार नाही.” एवढं म्हणून तिने स्वतःच्या गळ्याभोवतीचा रुमाल मात्र जरा घट्ट केला. शेवटी तीही इथल्याच कुणाची तरी नात होती.

चौथ्या आठवड्यात संकट आलं. विदोसावा तळघरात मुरवलेल्या मिरच्यांची बरणी आणायला गेली. तळघराला एकोणीस पायऱ्या. गेली दहा वर्षं ती आडवी होऊन, भिंतीला धरून, प्रत्येक पायरीला एका संताला हाक मारत उतरायची. त्या दिवशी ती खाली पोचली, बरणी उचलली, आणि तिच्या लक्षात आलं की एकाही संताला हाक मारलेली नाही.

ती बरणी पोटाशी धरून तिथेच पायरीवर बसली. गुडघा दाबून बघितला. दुखत नव्हता. चिमटा काढला. चिमटा दुखला, गुडघा नाही. “मेल्या,” ती गुडघ्याला म्हणाली, “इतकी वर्षं होतास कुठे? आणि आत्ताच बरं व्हायचं सुचलं तुला?”

त्या दिवसापासून ती रस्त्यात लंगडायला लागली. पण सवय नव्हती ना, खोटं लंगडायची.

“विदा, तुझा तर उजवा होता ना गं?” ल्युबिंकाने बेकरीच्या दारात विचारलं.

“आता दोन्ही आहेत. तू तुझं सांग. मधली मोजणी झाली ना?”

“झाली की. सहा मिनिटांत दोनशे चाळीस मीटर चालले होते मी आधी. आता दोनशे पंचेचाळीस.”

“पाच मीटर? चार आठवड्यांत? अगं, पाच मीटर तर माणूस मागून ढकलला तरी जातो!”

“पाणी आहे ना, ते बघेल,” ल्युबिंका म्हणाली आणि चीजचं पुरण भरलेला बुरेक घेऊन घरी गेली.

विदोसावाला मुळाशी काय आहे ते ठाऊक होतं. चाळीस वर्षांत त्या तलावात व्यायाम कुणी केलाच नव्हता. मानेपर्यंत बसायचं, दुनियेची धुणी धुवायची, आणि निवृत्त स्टेशनमास्तर स्तोयादिन बुचाचा पाट पाण्यावर तरंगत ठेवून बुद्धिबळ खेळायचा ते बघायचं. आता नेव्हेना काठावर उभी राहून “गुडघे वर!” म्हणायची, पण बान्याचं पाणी दुधाळ. कमरेच्या खाली कुणाचं काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. हे दहा जण वरून नुसते खांदे हलवायचे. डॉक्टरीणबाई खूष, आणि खाली गुडघे निवांत.

मग विदोसावा गेली झागोर्काकडे. झागोर्का म्हणजे तलावाची राखणदारीण. किल्ली तिच्याकडे, बादली तिच्याकडे, आणि तोंड असं बंद की दगडाने तिच्याकडून शिकावं.

“बुधवारी आणि शनिवारी सकाळी सहाला मला दार उघडून दे. ल्युबिंकाच्या गटाला मी शिकवणार आहे. कुणाला कळता कामा नये.”

झागोर्काने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. “तुम्हीपण?” असं काहीतरी ती पुटपुटली, पण विदोसावाचं लक्ष नव्हतं.

सकाळी सहाला दहा झोपाळू माणसं पाण्यात उभी राहिली, आणि विदोसावा शाळेतल्या आमटीचा डाव घेऊन मध्ये उतरली. दुधाळ पाण्यात दिसत नव्हतं, म्हणून ती डावाने चाचपायची. ज्याचा गुडघा वर नसेल त्याला डाव बसायचा.

“आई गं! विदा, हे स्नानगृह आहे की तुरुंग?” स्तोयादिन ओरडला.

“गुडघा वर! तुझा घोडा कुठे पळून जात नाही.”

“लाटांनी माझा वजीर वाहून गेला!”

“जाऊ दे. त्याला पोहता येतं, तुला चालता येत नाही. वर!”

पाण्यात पुढे चाला, मागे चाला, आडवे चाला, काठाला धरून बसा-उठा. आणि हे सगळं आधी विदोसावाने करून दाखवायचं. म्हणजे आठवडाभर जमीन, वर दोन दिवस पाणी. सातव्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की आपण बसच्या मागे धावलो. बस पकडलीसुद्धा. मग चढल्यावर तिने कण्हून दाखवलं, पण ड्रायव्हरला काही ते पटलं नाही.

जूनच्या शेवटी समिती आली. समिती म्हणजे एक अध्यक्ष, दोन फायली आणि एक बाई, जी सगळं लिहून घेत होती. अध्यक्ष जाडजूड, मान आखूड, कॉलर घामाने भिजलेली. बाहेर अडतीस डिग्री होते, आणि मोजणी लांब बोळात. बोळाच्या एका टोकाला मोठी खिडकी, दुसऱ्या टोकाला तलावाचं दुहेरी दार. दोन्ही अर्थातच बंद.

आधी पाणीवाले चालले. सहा मिनिटं बोळातून वर खाली. डाव फुकट गेला नव्हता. ल्युबिंका तीनशे वीस मीटर चालली, स्तोयादिन तीनशे चाळीस. अध्यक्षांनी भुवया वर केल्या. मग ते दहा जण, डॉक्टरीणबाई नको नको म्हणत असतानाही, बक्षीस म्हणून पाण्यात एक बुडी मारून आले आणि ओल्या केसांनी बाकावर ओळीने बसले, जमिनीवाल्यांची मोजणी बघायला.

जमिनीवाले निघाले. असं लंगडणं बान्याने पाहिलं नव्हतं. बोगोल्युब तर असा वाकला होता की लिहून घेणाऱ्या बाईने उठून त्याला आपली खुर्ची देऊ केली. विदोसावा भिंतीला धरून, प्रत्येक पावलाला एक संत, असं चालली होती. या वेळी संत मोठ्याने, समितीला ऐकू जातील असे. नेव्हेना घड्याळाकडे बघत होती, आणि आठ आठवड्यांची मेहनत डोळ्यांसमोर लंगडताना बघून तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडत चालला होता. तिची ती दशा बघून विदोसावाला आत कुठेतरी टोचलं. पण तलाव तो तलाव.

दोन मिनिटं झाली. अध्यक्षांना गुदमरायला झालं. “काय हो हे, भट्टी आहे का?” असं म्हणून ते उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने खिडकी सताड उघडली. त्याच घटकेला पलीकडून झागोर्काने बादली बाहेर काढायला पायाने तलावाचं दार ढकललं.

वारा आला. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फाईलमधले कागद उडाले. दहा ओली डोकी, एका ओळीत, बरोबर मधोमध.

“प्रोमाया!” कुणीतरी किंचाळलं.

आणि जमिनीवाले धावले.

पाच जण खिडकीकडे, पाच जण दाराकडे. विचार करायला कुणी थांबलं नाही, तिथे विचार नसतोच, ते रक्तातच आहे. बोगोल्युबने लिहून घेणाऱ्या बाईच्या टेबलावरून उडी मारली आणि खांद्याने दार लावलं, बादलीसकट. विदोसावा खिडकीशी सगळ्यांच्या आधी पोचली. खिडकीची कडी वर, हात पुरेना. तिने खिडकीखालच्या बाकावर उडी घेतली, कडी ओढली, खाली उडी मारली, दोन्ही पायांवर, आणि जाता जाता कुणाचा तरी टॉवेल उचलून ल्युबिंकाच्या डोक्याला गुंडाळला.

“कानात गेला का गं वारा? बोल! कानात गेला का?”

“नाही,” ल्युबिंका टॉवेलमधून म्हणाली. “विदा, तू आत्ता उडी मारलीस.”

खिडकी बंद, दार बंद, आणि दहा लंगडे ताठ उभे. बोगोल्युबने घाईघाईने कमरेला हात लावला, पण चुकीच्या बाजूला.

नेव्हेनाच्या हातातलं घड्याळ अजून चालू होतं. ती थंडपणे म्हणाली, “पुन्हा चाला. पहिल्यापासून. आणि या वेळी खरं. नाही तर खिडकी मी उघडते.”

धमकी अशी असावी. ते खरं चालले. बोगोल्युब चारशे दहा. विदोसावा चारशे साठ.

अध्यक्षांनी बेरीज पाहिली आणि फाईल मिटली. “स्पष्टच आहे. जमीन जिंकली. तलाव बुजवा.”

विदोसावा बाकावर बसली. एकाएकी, कुणी वरून दाबल्यासारखी. गुडघा अजिबात दुखत नव्हता, आणि त्या गुडघ्याची तिला इतकी शरम कधी वाटली नव्हती. ल्युबिंकाने तिचा हात हातात घेतला. ओला हात, कोरडा हात.

“साहेब,” दाराशी झागोर्का म्हणाली. ती चेपलेल्या बादलीकडे बघत होती. “हे कोरडे नाहीत.”

“कोण कोरडे नाहीत?”

“हे जमिनीवाले. सगळे ओले आहेत. बोगोल्युब मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी पाचला. दोघी बहिणी सोमवारी. फार्मसीवाले आजोबा गुरुवारी, पण साबण घेऊन येतात, ते मला आवडत नाही. विदोसावा बुधवारी नि शनिवारी. दहाच्या दहा. प्रत्येकाने मला शपथ घातली की दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. आठ आठवडे मी गप्प. पण तलावच बुजणार असेल तर शपथ काय करायची?”

दहा जणांनी एकमेकांकडे बघितलं.

“तू पण?” विदोसावा म्हणाली.

“मला वाटलं मी एकटाच,” बोगोल्युब म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “वीस वर्षांची सवय. राहवेना.”

“आणि एकटे पाण्यात करत काय होता तुम्ही?” नेव्हेनाने विचारलं.

“करणार काय? बोलायला कुणी नाही, बुद्धिबळ नाही. म्हणून चालत होतो. इकडून तिकडे.”

नेव्हेना मटकन खुर्चीत बसली. “म्हणजे माझ्याकडे दहा ओले आहेत,” ती म्हणाली, “आणि दहा जास्त ओले.” तिचे डोळे भरून आले.

विदोसावा उठली, तिच्याशेजारी गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. “रडू नकोस, पोरी. चूक आमची. पण तू लिही ना. नुसतं पाण्यात व्यायाम केला, तर माणूस चालतो. पाण्यात नि जमिनीवर दोन्हीकडे केला, तर बाकावर उड्या मारतो. हे काही कमी आहे का?”

नेव्हेनाने नाक पुसलं आणि खरंच लिहायला घेतलं. पण अध्यक्ष ऐकेनात. “फंड एकच गोष्ट करेल. दोन्ही होणार नाही. उद्या सकाळी सही करतो आणि निघतो.”

सकाळी ते निघाले नाहीत. त्यांची आखूड मान डावीकडे वळून अडकली होती. लोक ‘सुप्रभात’ म्हणायचे आणि ते भिंतीला उत्तर द्यायचे. नेव्हेना म्हणाली, वाऱ्याने असं होत नाही, पलंग वाकडा असेल. सगळ्यांनी तिच्याकडे समजूतदारपणे बघितलं. मग बोगोल्युबने अध्यक्षांना अलगद उचलून तलावात ठेवलं, दगडी कट्ट्यावर, ल्युबिंका आणि स्तोयादिनच्या मधोमध. पहिल्या दिवशी ते रागात होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्तोयादिनला एक चाल सुचवली. तिसऱ्या दिवशी मान सरळ झाली, तरी ते बाहेर येईनात. शेवटी झागोर्काने कागद पाण्याच्या वर धरला आणि त्यांनी तिथेच बसून सही केली: तलाव दुरुस्त करावा, हॉलही ठेवावा.

त्या संध्याकाळी तलावात प्लमची दारू, राकिया, फिरली, आणि विदोसावा चाळीस वर्षांच्या आपल्या जागेवर बसून आठ आठवड्यांचं तुंबलेलं सगळं बोलली.

दोन आठवड्यांनी फंडाचं पत्र आलं. जाड कागद, दोन शिक्के. ल्युबिंकाने चष्मा लावून मोठ्याने वाचलं:

“विमाधारक विदोसावा यांनी समितीसमक्ष बाकावर उडी मारल्याचे नोंदीत आहे. सबब त्यांचे गुडघे बरे झाले असून त्यांना तलावाच्या उपचाराची गरज उरलेली नाही. त्यांचा पास रद्द करण्यात येत आहे.”

“पुढे काय लिहिलंय?” विदोसावाने विचारलं.

“पुढे अभिनंदन लिहिलंय.”

विदोसावाने पत्राची घडी घातली. दारात जाऊन तलावाकडे बघितलं. छतावर नव्या कौलांचा ढीग येऊन पडला होता. तिने वाचवलेला तलाव, आणि एकटी तीच बाहेर.

पण देव असतो. सप्टेंबरात थंडी पडली आणि तिने अर्ज करून मागितलेल्या फेरतपासणीच्या बरोबर आदल्या दिवशी तिचा गुडघा पुन्हा दुखायला लागला. असा दुखायला लागला की तिला दोघांनी धरून समितीपुढे न्यावं लागलं. अध्यक्षांनी तिला एकदा वर, एकदा खाली बघितलं, स्वतःची मान चोळली, आणि पासवर शिक्का मारला.

झालं. एवढंच. शपथेवर सांगितलेलं.

बरं, बरं, असं बघू नका माझ्याकडे. एक गोष्ट तेवढी मी पदरची घातली. सप्टेंबरात तिचा गुडघा दुखायला लागला ना, तो नाही दुखायला लागला. पण हे फंडाला कळवू नका.